दुसरा रोलर

माझा भाऊ काय करतो असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांच्या आनंदावर विरजण घालतो. लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे. पण तो याचाच पगार घेतो, आणि सणसणीत घेतो.

पेटंटच्या वकिलांच्या ऑफिसात तो शोध घेणारा म्हणून आहे. शोध लावणारा नव्हे. लोक यात गल्लत करतात, पाहुण्यांच्या घोळक्यात कुणीतरी 'अरे वा, संशोधक का!' असं म्हणतं, आणि माझा भाऊ मंद हसून सरबताचा पेला उचलतो. आजवर एकदाही त्याने ती गल्लत दुरुस्त केलेली नाही. प्रत्यक्षात त्याचं काम असं, की कुणीतरी डोकं खाजवून, रात्रंदिवस खपून एखादी नवी वस्तू करावी, तिचं पेटंट मागावं, आणि मग माझ्या भावाने जगभरचे जुने कागद उपसून तीच वस्तू कुठल्यातरी कोपऱ्यात कुणीतरी आधी केली होती हे दाखवून द्यावं. याला ते लोक प्रायर आर्ट म्हणतात. नाव एवढं भारदस्त, पण अर्थ एवढाच की तुमच्या आधी कुणीतरी होतं. तसा एक कागद मिळाला की पेटंटचा निकाल लागला.

असं काम ऑफिसात ठेवून घरी येणारी माणसंही असतील. आमचा दादा ते घरी घेऊन आला. वहिनीने हौसेने पडदे बदलले, तर हा म्हणाला, दंतवैद्याकडे असलेच आहेत. माझ्या मुलीने मांजरावर गोष्ट लिहून दाखवली, तर याने तशा दोन गोष्टी सांगितल्या. स्वतःला मुलगा झाला तेव्हा पाळण्यात वाकून पाहत तो म्हणाला, नाक बाबांचं आहे. पोटच्या पोरातही याला आधीचा पुरावा सापडला. "हे आधीच झालंय" हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं आहे की माझ्या मुली त्याला 'आधीच मामा' म्हणतात. तोंडावर म्हणतात. त्याला वाटतं ते प्रेमाने आहे.

आता बाबांविषयी, म्हणजे मी एकट्या दादाच्या मागे लागले आहे असं वाटायला नको. बाबा नोटा मोजायच्या मशीनचे मेकॅनिक. पिशवीत पेचकस, रबरी रोलर आणि ब्रश घेऊन या बँकेतून त्या बँकेत फिरायचे. नोटांना एक काळपट, तेलकट धूळ असते. हजारो लोकांच्या हातांची ती धूळ मशीनच्या पोटात साठते, रोलर गुळगुळीत होतात आणि मग मशीन एकाऐवजी दोन नोटा ओढतं. ती धूळ बाबांच्या नखांत असायची, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय आई त्यांना पाण्याच्या माठालाही हात लावू द्यायची नाही. इथवर ठीक होतं. पण बाबांना आपण कुणीतरी थोर आहोत असं वाटायचं आणि ते दर जेवणाला ऐकावं लागायचं. स्वतःची टिमकी वाजवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दूध उतू जाऊ नये म्हणून त्यांनी एक भोंगा केला होता. दूध उतू गेलं की तो वाजायचा. दार आपोआप लागावं म्हणून दोरीला वजन बांधलं, ते माझ्या सासऱ्यांच्या कपाळाला लागलं, तेही लग्नाची बोलणी करायला आले होते तेव्हा. असल्या प्रत्येक उपद्व्यापानंतर बाबा चाळीतल्या घराघरात जाऊन सांगायचे, या, एक दाखवायचंय. लोक दार लावून घ्यायचे.

अशा माणसाला आयुष्यात एकदा खरोखर काहीतरी सुचलं.

झालं असं की बँकांमध्ये चिकटपट्टी लावलेल्या नोटांनी कॅशियर लोकांचा जीव खाल्ला होता. दोन नोटा चिकटून एकदम गेल्या तर मशीनला कळावं म्हणून आत एक छोटा रोलर असायचा. नोट त्याच्याखालून जायची. जाडी जास्त लागली की रोलर उचलला जायचा आणि मशीन थांबायचं. पण फाटकी नोट चिकटपट्टीने जोडलेली असली तरी ती त्या जागी जाडच लागते. मशीन समजायचं दोन आल्या, आणि थांबायचं. मग कॅशियरने गड्डी काढायची, तपासायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, आणि बाहेर रांगेने शिव्या घालायच्या. बाबांनी एका जुन्या मशीनमध्ये त्या रोलरच्या बाजूला दुसरा रोलर बसवला. एक नोटेच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्ही एकदम उचलले गेले तर नोटा दोन आहेत, मशीन थांबतं. एकच उचलला गेला तर नोट एकच आहे, पण जोडलेली आहे. ती मशीन न थांबता बाजूच्या खणात जाते. झालं. पोरालाही समजेल इतकी सोपी गोष्ट, आणि तोवर कुणी केली नव्हती.

दादा तेव्हा त्या ऑफिसात नुकताच लागला होता. त्याने फार मोठेपणाने बाबांचा पेटंटचा अर्ज भरून दिला आणि बजावलं की आता हे कुणालाही दाखवायचं नाही. चार लोकांसमोर मशीन चालवलं की ते उघड झालं, मग पेटंट विसरा. बाबांनी मान हलवली. आम्ही सगळे मनात म्हणालो, बघू या किती दिवस टिकतं.

टिकलं. भोंग्यासाठी चाळ पालथी घालणाऱ्या माणसाने त्या मशीनविषयी शेजारच्या काकूंनाही अवाक्षर सांगितलं नाही. ज्या बँकांमध्ये ते रोज जायचे तिथल्या कॅशियरसमोर बँकेचं मशीन थांबायचं, तो कपाळाला हात लावायचा, आणि बाबा ओठ घट्ट मिटून रोलर पुसत बसायचे. घरी येऊन मात्र फेऱ्या मारायचे. आई म्हणायची, यांच्या पोटात दुखतंय का बघा.

पुढे जे झालं त्याबद्दल मी दादाला अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. ऑफिसातल्या मोठ्या वकिलांनी तो अर्ज पाहिला, आडनाव पाहिलं आणि सहज विचारलं, हे मेकॅनिक तुमचे कोण? एवढंच. दादाचं तोंड एवढंसं झालं. घरी आला आणि बाबांच्या अर्जाचा जुना पुरावा शोधायला बसला. पुरावा म्हणून त्याने काय आणलं, तर छापखान्याचं यंत्र. कागद एकाऐवजी दोन आले की थांबवणारा रोलर छपाईच्या यंत्रांवर कधीपासून आहे, तिथला एक रोलर घ्या, तिथेच दुसरा लावा, यात अक्कल ती कसली, असं त्याने जेवणाच्या ताटावर बसून सांगितलं. म्हणाला, उगीच हसं होईल. अर्ज प्रसिद्ध व्हायच्या आधीच मागे घ्या, म्हणजे कुणाला कळणारही नाही.

हसं कुणाचं, हे त्याने सांगितलं नाही. बाबांनी सही केली. मशीन जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवलं आणि त्यानंतर कधीही 'या, एक दाखवायचंय' असं म्हटलं नाही. घरात शांतता झाली. ती शांतता मला सुखाची वाटली असं मी म्हणणार नाही. जेवताना टिमकी वाजत नसली की घास मोठा लागायचा.

मग पुष्कळ वर्षं गेली. आई गेली. बाबांची नोकरी संपली. चाळ जाऊन तिथे लिफ्टची इमारत आली, तरी काकू शेजारच्याच राहिल्या. दादाचं पोट सुटलं आणि केस मागे गेले, पण ऑफिसातली भागीदारी काही मिळेना. ती मिळायची वेळ आली ती गेल्या वर्षी. नोटा मोजायची मशीन विकणारी एक बडी कंपनी त्यांच्या ऑफिसात आली. त्यांचं दुखणं असं की कुठल्याशा लहान कारखान्यातल्या दोघा भावांनी एका सुधारणेचं पेटंट घेऊन ठेवलं होतं, बड्या कंपनीला ती सुधारणा हवी होती आणि पैसे द्यायचे नव्हते. तेव्हा ते पेटंट पाडायचं. मोठ्या वकिलांनी दादाला आत बोलावून सांगितलं, एवढं पाडा, मग दारावरच्या पाटीवर तुमचं नाव चढवू.

दादा जेवणखाण विसरला. नोटा मोजण्याचा आजवरचा सगळा इतिहास त्याने घरात पसरला. ओल्या स्पंजवर अंगठा टेकवून मोजणाऱ्या कॅशियरपासून सुरुवात. मग गड्डी एका बाजूने घट्ट दाबून धरायची आणि पोकळ दांड्यांच्या फिरत्या डोक्याने हवा ओढून एकेक कोपरा उलटायचा, ती जुनी यंत्रं. मग रबरी रोलरने सालीसारखी एकेक नोट सोलून काढणारी. ती संपल्यावर पत्ते वाटायची यंत्रं, तिकिटं मोजायची, पाकिटं भरायची, कापडाच्या घड्या मोजायची. वहिनी सांगायची, अंडी निवडायच्या यंत्राचे कागद काल माझ्या उशीवर होते. सगळं मिळालं, हवं ते मिळेना. चिडचिड इतकी की घरात कुणी 'नवीन' हा शब्द काढायचा नाही.

सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं त्या रविवारी मी सहज विचारलं, ते पेटंट आहे तरी कशाचं? दादाने भाकरीचा तुकडा आडवा धरला आणि त्यावर दोन बोटं ठेवली. म्हणाला, साधं आहे, जाडी मोजायला एकाऐवजी दोन रोलर. दोन्ही उचलले तर थांबायचं, एक उचलला तर...

"बाजूच्या खणात," मी म्हणाले.

दादाची बोटं भाकरीवर तशीच राहिली. बाबा मान खाली घालून जेवत होते. मला हसू आलं, आणि ते मी अजिबात आवरलं नाही. एवढी वर्षं हा माणूस ज्या पलंगावर बसून बूट घालत होता त्याच्याखाली त्याची भागीदारी चादरीत गुंडाळून पडली होती. दोघा भावांच्या कितीतरी आधीची.

पण त्याचा उपयोग नव्हता, आणि का नव्हता हे दादालाच आपल्या तोंडाने सांगावं लागलं. प्रसिद्ध व्हायच्या आधी मागे घेतलेला अर्ज कुणी पाहिलाच नाही असं धरतात. तो पुरावा होत नाही. वहिनीने वाढता वाढता विचारलं, मागे घ्यायला कुणी सांगितलं होतं? ती भोळेपणाने विचारत नव्हती. एवढ्या वर्षांचे पडदे होते तिच्या त्या प्रश्नात.

मग दादाच्या डोक्यात दुसरी वाट आली. कागद नसला तरी मशीन चारचौघांत चाललं असलं तर चालतं. जेवण झाल्यावर त्याने खुर्ची बाबांच्या अगदी जवळ ओढली. इतक्या जवळ तो त्यांच्या आजारपणातही बसला नव्हता.

"बाबा, ते मशीन बँकेत कुणाला दाखवलं होतं का तुम्ही?"

"नाही."

"आठवून बघा. एखाद्या कॅशियरला, जाता जाता."

"तू म्हणाला होतास कुणाला दाखवू नका."

"हो, पण तुम्ही कधी ऐकलंय का माझं?"

"तेवढं एक ऐकलं," बाबा म्हणाले.

दादाने हार मानली असती तर त्याच्याबद्दल मला थोडी तरी दया आली असती. पुढच्याच आठवड्यात तो एक टाईप केलेला कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की बाबांनी हे मशीन अमुक साली बँकेत सर्वांसमोर चालवून दाखवलं. खाली बाबांच्या सहीची जागा, आणि तिच्याखाली एका निवृत्त कॅशियरची सही आधीच केलेली. हा कॅशियर मला माहीत आहे. बँकेच्या तिजोरीत पाणघोडा पाहिला असं लिहून द्या म्हटलं तर तो पाणघोड्याचा रंग विचारून सही करेल.

बाबांनी चष्मा लावून कागद वाचला. मग विचारलं, यात माझं नाव कुठे येणार? दादाने गोड आवाजात सांगितलं की निकालातच येईल. दोन रोलरची कल्पना सगळ्यांत आधी यांची, असं सरकारी कागदावर, बाबांच्या पूर्ण नावानिशी. बाबांनी पेन हातात घेतलं. खरं सांगते, मला वाटलं करावी सही. ते नाव खरंच त्यांचं होतं. खोटी होती ती एक दुपार, जी कधी झालीच नाही. आणि ती झाली नाही ती कुणामुळे? बाबांचा अंगठा पेनाच्या टोपणावर पुढेमागे होत राहिला. त्या माणसाला आयुष्यभर हवं होतं ते सगळं त्या रिकाम्या ओळीवर होतं.

"मी बढाया मारतो," बाबा शेवटी म्हणाले. "खोटं बोलत नाही."

पेन त्यांनी दादाच्या खिशाला परत लावून दिलं. दादा तावातावाने बोलला, तुमच्याच भल्यासाठी होतं, तुम्हाला कधी कशाची किंमत नव्हती, वगैरे. बाबा आतल्या खोलीत जाऊन पडले. दादाने खुर्ची जागच्या जागी ठेवली नाही. ती वहिनीने ठेवली.

तेव्हा सुनावणीत दादाच्या ऑफिसने शेवटी काय मांडलं असेल? छापखान्याचं यंत्र. दुसरं काही हाताशी नव्हतं. एक रोलर आधीपासून आहे, तिथेच दुसरा लावला, यात अक्कल ती कसली. तेच ताटावरचं भाषण, फक्त अंगात कोट होता. मोठे वकील ते तासभर बोलले. समोर निकाल देणारी अधिकारी बाई चेहऱ्यावरची माशीही न हलू देता लिहून घेत होती, असं वहिनी सांगते. दादाच्या विजयाला साक्षी म्हणून तिला नेलं होतं, चांगली साडी नेसवून.

निकाल काही महिन्यांनी आला. पेटंट शाबूत राहिलं. मोठ्या वकिलांनी पाटीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि दादा दोन दिवस अंग दुखतंय म्हणून घरी बसला. मी मुलींना घेऊन समाचाराला गेले. समाचार कसला, मला त्याचं तोंड बघायचं होतं. बाबा आतून बाहेर आले आणि म्हणाले, ते काय लिहिलंय ते वाचून दाखव.

दादाने नाही म्हणून पाहिलं. बाबा उभेच राहिले. शेवटी त्याने कागद उघडला, पानं उलटली आणि एका जागी थांबून पुटपुटल्यासारखं वाचलं, की एका रोलरला नोट जाड आहे एवढंच कळतं, ती कुठे जाड आहे हे कळण्यासाठी दुसरा रोलर लावणं ही वरवर सोपी दिसणारी पण खऱ्या अर्थाने नवी कल्पना आहे, आणि ती पूर्वी कुणाला सुचल्याचं दिसत नाही.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

त्याने पुन्हा वाचलं. या वेळी शब्द नीट ऐकू आले. बाबा म्हणाले, म्हणजे नवीन होतं. ते विचारत नव्हते. दादा खाली पाहत म्हणाला, कागदावर तसं दिसतंय. एवढं झाल्यावरही याला कागदच आठवला. बापाला एक 'हो' म्हणायला याची जीभ अडखळली. असल्या माणसाला काय म्हणावं यासाठी माझ्याकडे शब्द आहेत, पण मुली शेजारी बसल्या होत्या.

बाबा आत गेले. पलंग सरकल्याचा आवाज आला. ते मशीन छातीशी धरून बाहेर आले, टेबलावर ठेवलं, चादर सोडली आणि ब्रशने आतली धूळ झटकायला लागले. रबर कडक झालं होतं, ते त्यांनी ओल्या फडक्याने पुसून पुसून मऊ केलं. वायर लावली. मशीन आधी नुसतं घोगरं गुरगुरलं, मग नीट फिरायला लागलं. माझी धाकटी टाळ्या पिटायला लागली.

दादा खुर्चीत सरळ झाला. मला वाटलं, आता तरी हा काही चांगलं बोलेल.

"बाबा, घरात ठीक आहे," तो म्हणाला. "पण बाहेर कुणाला दाखवू नका. आता ते त्या दोघा भावांचं आहे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने हातातलं फडकं ओट्यावर टाकलं. मी काहीतरी जहरी बोलणार होते, पण बाबा माझ्याआधी हलले. त्यांनी बाहेरचं दार सताड उघडलं आणि समोरच्या दाराची बेल दाबली.

"या," बाबा म्हणाले, "एक दाखवायचंय."

काकू घाबरत घाबरत आल्या. भोंग्याची आठवण त्यांना असणारच. बाबांनी दादापुढे हात पसरला आणि म्हणाले, पाकीट काढ. दादाने काढलं. त्यातल्या सगळ्या नोटा घेऊन बाबांनी एक उजव्या कडेला फाडली, दादाच्या डोळ्यांदेखत, आणि तिथेच चिकटपट्टीचा तुकडा लावून ती पुन्हा जोडली. गड्डी मशीनवर ठेवली. फर्र आवाज झाला, नोटा खाली पडत गेल्या, मशीन कुठेही थांबलं नाही, आणि ती एकटी जोडलेली नोट अलगद बाजूच्या खणात जाऊन बसली.

काकूंनी वाकून खणात पाहिलं, मग मशीनखाली पाहिलं. आत कुणी बसलं आहे की काय अशी त्यांना शंका आली असावी.

"अहो, असलं मी कुठे पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "हे कधी केलंत तुम्ही?"

बाबांनी खणातली नोट उचलून दादाच्या हातात दिली.

"आधीच," ते म्हणाले.